इथून पुढं सोपंच आहे

विद्यापीठाच्या गणित विभागातल्या सूचनाफलकावर, पुनर्परीक्षेच्या शुल्काची मुदत आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीचं निवेदन यांच्यामध्ये, दर सोमवारी एक ताजा कागद टाचला जातो. गुरुवारी दुपारी चार वाजता सेमिनार. खाली वक्त्याचं नाव, संस्था, गाव आणि विषय. विषय इंग्रजीत असतो आणि त्याच्या अकरा शब्दांपैकी 'ऑफ', 'ऑन' आणि 'सम' हे तीन सर्वांना समजतात. उरलेले आठ समजणारी माणसं देशात मोजून वीस. त्यांतली एकोणीस नेमकी त्याच आठवड्यात परिषदेसाठी परगावी गेलेली असतात आणि विसावा म्हणजे स्वतः वक्ता.

कागदाच्या तळाशी व्याख्यानाचा गोषवारा असतो. त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं : या विषयाची पूर्वओळख असण्याची गरज नाही. हे वाक्य वाचून आजवर एकही माणूस फसलेला नाही.

त्यामुळे सोमवार ते गुरुवार हा काळ श्रोते गोळा करण्यात जातो. पाहुणा लांबून आलेला, त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या कशा दाखवायच्या? विभागप्रमुख मॅडम आधी पीएचडीच्या मुलांना गाठतात.

"मॅडम, गुरुवारी मला जरा लायब्ररीत..."

"लायब्ररी आठपर्यंत उघडी असते. टॉक पाचला संपतो."

"मॅडम, पण तो माझा विषय नाही."

"माझाही नाही."

एवढ्यावर तो प्रश्न मिटतो. तरी संख्या पाच-सहाच्या वर जात नाही. मग एमएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन 'अटेंडन्स लागणार आहे' असं जाहीर केलं जातं आणि गुरुवारी चारला सभागृह तुडुंब भरतं. ही मुलं वहीवर तारीख घालतात, विषयाचं शीर्षक दोन रंगांत अधोरेखित करतात आणि पुढचा तासभर समासात अतिशय सुबक नक्षी काढतात.

श्रोत्यांची ही टंचाई काही आजची नाही. १६८० च्या दशकात केंब्रिजला न्यूटन गणिताचा प्राध्यापक होता. त्याचा लेखनिक हम्फ्री न्यूटन याने लिहून ठेवलंय की त्याच्या व्याख्यानांना फार थोडे जात, त्यांतल्या फारच थोड्यांना काही कळे आणि बऱ्याचदा समोर कुणीच नसल्यामुळे तो भिंतींनाच व्याख्यान देऊन परत येई. म्हणजे 'प्रिन्सिपिया' लिहिणाऱ्या माणसालाही माणसं जमवता आली नाहीत. त्याच्या वेळी अटेंडन्स सक्तीची नव्हती, एवढाच फरक.

खुर्च्या भरण्याचीही एक रीत असते. पहिली रांग कायम रिकामी. दुसरी जवळजवळ रिकामी. गर्दी सुरू होते ती दाराजवळच्या शेवटच्या रांगेपासून आणि तिथून ती अनिच्छेने पुढे सरकते. पहिल्या रांगेला अपवाद दोघेच. एक, ज्यांनी वक्त्याला बोलावलंय ते यजमान प्राध्यापक. त्यांना पळून जाता येत नाही. दुसरे निवृत्त सर, ज्यांना ऐकू कमी येतं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सरांनी एकही सेमिनार चुकवलेला नाही. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचे डोळे मिटतात आणि टाळ्या वाजल्या की उघडतात. त्यांच्याविषयी पुढे सांगायचंच आहे.

चार वाजून पाच मिनिटांनी प्रोजेक्टर बंद असल्याचं लक्षात येतं.

खरं तर तो बंद नसतो. तो निळा पडदा दाखवत असतो आणि त्यावर 'सिग्नल नाही' असं लिहून येत असतं. गणितात जगातली सर्वोच्च पदवी मिळवलेली पाच माणसं त्या यंत्राभोवती उभी राहतात. एक जण केबल काढून पुन्हा घालतो. दुसरा तीच केबल काढून उलटी घालायचा प्रयत्न करतो. तिसरा म्हणतो, "मागच्या आठवड्यात चालत होतं." हे वाक्य प्रत्येक बिघाडापाशी कुणीतरी म्हणावंच लागतं. मग विभागाच्या शिपाईमामांना हाक जाते.

"मामा, ती दुसरी केबल कुठाय?"

"स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी नेलीय."

"कधी?"

"दिवाळीत."

मामा शांतपणे भिंतीवरचं एक बटण दाबतात आणि चित्र दिसू लागतं. त्या दुपारी सभागृहातल्या सर्वांना पूर्णपणे समजलेला उपाय तो एवढाच.

या सगळ्या कटकटीमुळे गणितवाल्यांत फळ्याचा एक कडवा पंथ आहे. फळा बिघडत नाही, त्याला केबल लागत नाही, आणि मुख्य म्हणजे माणसाला हाताने लिहावं लागत असल्यामुळे तो फार वेगाने पुढे जाऊ शकत नाही. या पंथाची श्रद्धा कुठपर्यंत जाते ते २०१५ मध्ये दिसलं. जपानमध्ये नागोयाला १९३२ साली सुरू झालेली हागोरोमो ही खडूची कंपनी त्या वर्षी बंद पडली. न तुटणारा, बोटांना न लागणारा, फळ्यावर लोण्यासारखा फिरणारा तो खडू. बातमी पसरली तशी अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी पेट्याच्या पेट्या विकत घेऊन घरात दडवल्या. निवृत्तीपर्यंत पुरतील असा हिशेब करून घेतल्या. पुढे एका कोरियन व्यावसायिकाने कंपनीची यंत्रं नेऊन उत्पादन पुन्हा चालू केलं, पण तोवर दडवलेला साठा कुणी बाहेर काढल्याचं ऐकिवात नाही. आपल्या विद्यापीठांत दोन प्रकारचा खडू येतो. एक उमटत नाही आणि दुसरा तुटतो.

स्लाइडवाल्यांचा पंथ संख्येने मोठा. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाला चौसष्ट स्लाइड आणणं हे त्यांच्यात किमान सौजन्य समजलं जातं. आठव्या स्लाइडपाशी अर्धा तास झालेला असतो. मग "ही सोडून देतो", "ही पण सोडतो", "यात फक्त हिशेब आहे" असं म्हणत वक्ता बटण दाबत सुटतो आणि पडद्यावरून प्रमेयं सरासर निघून जातात. मधेच एखादी रंगीत आकृती दिसते. सगळा हॉल सावरून बसतो. तीही जाते.

आता मूळ मुद्दा. व्याख्यान सुरू होतं, "आपल्या सर्वांना माहीतच आहे की" असं म्हणत वक्ता एक व्याख्या लिहितो, जी सर्वांना माहीत नसते, आणि सभागृहातल्या माना डोलू लागतात. या डोलण्याची साखळी पाहण्यासारखी असते. एमएस्सीची मुलं पीएचडीच्या मुलांकडे बघून मान डोलावतात. पीएचडीची मुलं गाइडकडे बघून डोलावतात, कारण गाइडला कळतंय आणि आपल्याला कळत नाही हे आता, चौथ्या वर्षी, उघड होणं परवडणारं नसतं. गाइड यजमान प्राध्यापकांकडे बघून डोलावतात. यजमान वक्त्याकडे बघून डोलावतात, कारण त्यांनीच त्याला बोलावलंय. आणि निवृत्त सरांची मान डोलते ती त्यांना डुलकी लागल्यामुळे. वक्त्याला समोर दिसतं ते असं की झाडून सगळ्यांना सगळं कळतंय. तो सुखावतो आणि वेग वाढवतो. "इथून पुढं सोपंच आहे," असं म्हणतो.

या मानांची परीक्षा एकदा रीतसर घेतली गेली होती. १९२३ साली पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये नव्या विद्यार्थ्यांना एका परदेशी प्राध्यापकाच्या व्याख्यानाला हजर राहायचं फर्मान निघालं. दाढीवाले, विचित्र उच्चारांचे पाहुणे आले आणि त्यांनी एकाहून एक अगम्य प्रमेयं फळ्यावर मांडली. प्रत्येक प्रमेयाला फ्रेंच सेनापतींची नावं होती. शेवटचं आणि सर्वांत अवघड प्रमेय होतं बूर्बाकीचं. दाढी खोटी होती, उच्चार खोटे होते, प्रमेयंही खोटी होती आणि पाहुणे म्हणजे राउल हुसाँ नावाचा त्याच संस्थेतला वरच्या वर्गातला विद्यार्थी होता. पुढे आंद्रे वेईल या गणितीने आठवण सांगितली, ती अशी की श्रोत्यांपैकी एका विद्यार्थ्याने आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं कळल्याचा दावा केला होता. तो विद्यार्थी मोठेपणी विभागप्रमुख झाला असणार, अशी प्रस्तुत लेखकाची खात्री आहे.

या थट्टेचा पुढचा अंक भारतात घडला आणि त्यात आपल्याकडचा माणूस होता. वेईल १९३० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होऊन आला. पंचविशीही न गाठलेल्या या फ्रेंच माणसाने तिथे दामोदर धर्मानंद कोसंबींना आणलं. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डला शिकलेले, पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ये-जा करणारे कोसंबी ते हेच. अलिगढला कुणा सहकाऱ्याशी त्यांचं बिनसलं होतं म्हणतात, आणि त्याची जिरवण्याची युक्ती वेईलने सुचवली. १९३१ मध्ये कोसंबींचा एक शोधनिबंध संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापून आला : बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापकीकरण. बूर्बाकी हा क्रांतीत मेलेला एक अप्रसिद्ध रशियन गणिती, असा त्याचा पत्ता दिला होता. असा माणूस नव्हता. त्याचं पहिलं प्रमेयही नव्हतं, मग दुसरं कुठून असणार? पण निबंध छापून आला. 'हा बूर्बाकी कोण?' असं विचारायचं तर आपल्याला ठाऊक नाही हे आधी कबूल करावं लागतं. ती हिंमत संपादनाच्या खुर्चीतही सहसा बसत नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षांतच वेईल आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन गणिताचे जाडजूड ग्रंथ लिहायला घेतले. १९४८ पासून पॅरिसमध्ये बूर्बाकी सेमिनार चालतो. कधीही जन्माला न आलेल्या माणसाच्या नावाने चालणारा हा सेमिनार जगात सर्वांत प्रतिष्ठित समजला जातो. त्यातली एक पद्धत मात्र आपल्याकडे उचलण्यासारखी आहे. तिथे वक्ता स्वतःचं नव्हे, दुसऱ्याचं संशोधन समजावून सांगतो. स्वतःचं सांगताना माणूस 'हे तर उघडच आहे' म्हणतो. दुसऱ्याचं सांगायचं तर आधी स्वतःला कळून घ्यावं लागतं.

मानांच्या डोलण्यावर खरा जालीम इलाज काढला तो मॉस्कोत, इस्राएल गेलफांड या गणितीने. १९४३ पासून पुढे चार दशकांहून अधिक काळ दर सोमवारी संध्याकाळी मॉस्को विद्यापीठात त्याचा सेमिनार भरे. जाहीर वेळेला तो कधीच सुरू होत नसे, लोक व्हरांड्यात गप्पा मारत उभे असत आणि त्या गप्पांतच बरंचसं गणित होऊन जाई. एकदा सुरू झाला की मात्र इमारतीतले कर्मचारी दिवे घालवायला येईपर्यंत थांबत नसे. गेलफांड वक्त्याला दर दोन वाक्यांनी अडवायचा. कधी वक्त्याला बाजूला बसवून दुसऱ्यालाच फळ्याशी उभं करायचा. आपला सेमिनार शाळेतल्या मुलांसाठी, बऱ्यापैकी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी, हुशार संशोधकांसाठी आणि असामान्य प्राध्यापकांसाठी आहे, असं तो सांगायचा. त्याचं ब्रह्मास्त्र म्हणजे 'नियंत्रक श्रोता'. श्रोत्यांतल्या कुणाला तरी, बहुधा एखाद्या कोवळ्या विद्यार्थ्याला, तो हे पद द्यायचा आणि मधेच वक्त्याला थांबवून त्याला उठवायचा : आत्तापर्यंत काय झालं ते सांग. त्याला सांगता आलं नाही तर दोष वक्त्याचा, आणि वक्त्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायचं.

हे आपल्या एखाद्या विभागात सुरू केलं तर काय होईल? पहिल्या गुरुवारी तीन जण आजारी पडतील. दुसऱ्या गुरुवारी शेवटच्या रांगेत बसायला लोक दोन वाजल्यापासून रुमाल टाकून जागा धरतील. तिसऱ्या गुरुवारी या पद्धतीचा फेरविचार करण्यासाठी एक समिती नेमली जाईल, आणि समितीची बैठक गुरुवारी चार वाजता ठेवण्यात येईल.

तरी याच इलाजाचा एक सौम्य देशी प्रकार मुंबईत यशस्वी झालेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकापासून जगभरचे नामवंत गणिती येऊन व्याख्यानमाला देत, आणि प्रत्येक मालेची टिपणं काढायला संस्थेतल्या एखाद्या तरुण संशोधकाला बसवलं जाई. ती टिपणं पुस्तकरूपाने छापली जात. लोराँ श्वार्ट्झ हा फील्ड्स पदक मिळालेला फ्रेंच गणिती तिथे बोलला, त्याची १९५५ ची टिपणं एम. एस. नरसिंहन यांनी काढली. तेव्हा ते विशीतले होते, पुढे नरसिंहन-शेषाद्री प्रमेयामुळे जगभर नाव झालं. ज्याला उद्या सगळं लिहून छापायला द्यायचंय त्याला मान डोलावून भागत नाही. बाकी सभागृह खुशाल डोलावू शकतं. सर्वांच्या वतीने एकाला कळलं की झालं, ही व्यवस्था आपल्या प्रकृतीला मानवणारी आहे.

'मला कळलं नाही' हे वाक्य फक्त दोन प्रकारच्या लोकांना परवडतं : अगदी लहानांना आणि अगदी मोठ्यांना. गटिंगनला जॉन फॉन नॉयमन बोलत असताना म्हाताऱ्या डेव्हिड हिल्बर्टने हात वर करून विचारल्याची कथा सांगतात. म्हणाला, "ते सगळं ठीक, पण मला एवढं सांगा, हिल्बर्ट स्पेस म्हणजे नक्की काय असतं?" हिल्बर्ट स्पेस हे नाव हिल्बर्टच्याच कामावरून पडलेलं. स्वतःच्या नावाच्या वस्तूविषयी अज्ञान कबूल करायला माणूस हिल्बर्टच असावा लागतो. सहायक प्राध्यापकाने हे केलं असतं तर बढतीच्या मुलाखतीपर्यंत त्याची आठवण राहिली असती.

कधीतरी एखादी धीट विद्यार्थिनी हात वर करते.

"सर, एखादं उदाहरण द्याल का?"

सभागृहात आशेची लाट येते. वक्ता क्षणभर विचार करतो.

"हो, का नाही? समजा, ही जागा रिकामी आहे. मग प्रमेय आपोआपच सिद्ध होतं. ठीक?"

ती बसते. वक्त्याचा यात दोष नाही, कारण उच्च गणितात प्रत्यक्ष आकडे फारसे भेटतच नाहीत. विसाव्या शतकातला थोर गणिती अलेक्झांडर ग्रोथेंडीक याच्याबद्दल सांगतात की चर्चेत कुणीतरी म्हणालं, एखादी ठरावीक मूळसंख्या घेऊन पाहू या. "म्हणजे खरीखुरी संख्या?" असं आश्चर्याने विचारून ग्रोथेंडीक म्हणाला, "बरं, ५७ घ्या." ५७ म्हणजे तीन गुणिले एकोणीस. चौथीच्या मुलाला एकोणीसचा पाढा येत असतो. पण चौथीच्या मुलाला फील्ड्स पदक मिळत नाही, तेव्हा हा व्यवहार कुठेतरी बरोबर असला पाहिजे. आजही गणितवाले ५७ ला 'ग्रोथेंडीकची मूळसंख्या' म्हणतात.

आकड्यांवर उभं राहिलेलं एक व्याख्यान मात्र अमर झालं. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. दोनचा सदुसष्टावा घात वजा एक ही एकवीस अंकी संख्या मूळसंख्या आहे, असं मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने १६४४ मध्ये सांगून ठेवलं होतं. १८७६ मध्ये ल्यूका या गणितीने ती मूळसंख्या नसल्याचं सिद्ध केलं, पण तिचे अवयव काही त्याला सापडले नाहीत. फ्रँक नेल्सन कोल फळ्याशी गेला आणि एक अक्षर न बोलता त्याने तो घात हाताने काढला. एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ असा गुणाकार मांडला आणि तोही ओळीने करत गेला. दोन्ही उत्तरं एकच आली. कोल जागेवर जाऊन बसला. सगळी सभा उठून टाळ्या वाजवू लागली. एरिक टेंपल बेलने लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे, हे अवयव शोधायला किती काळ लागला असं विचारल्यावर कोलने तीन वर्षांचे रविवार असं उत्तर दिलं. सेमिनारच्या इतिहासात सर्व श्रोत्यांना सर्व कळल्याची ही बहुधा एकमेव नोंद. वक्ता काही बोलला नाही, याचं श्रेय त्यालाही द्यायला हवं.

श्रोते नकोत म्हणूनही कधी व्याख्यान दिलं जातं. १९९३ च्या आरंभी प्रिन्स्टनला अँड्र्यू वाइल्सला फर्माच्या प्रमेयाची आपली सिद्धता गुपचूप तपासून हवी होती. निक कात्झ या सहकाऱ्याला विश्वासात घेऊन त्याने चक्क एक वर्ग सुरू केला आणि त्याला 'एलिप्टिक वक्रांवरची आकडेमोड' असं कुणीही जांभई द्यावी असं नाव दिलं. कशासाठी चाललंय हे न सांगता फळ्यावर रखरखीत हिशेब चालू राहिले. विद्यार्थी एकेक करून गळाले आणि शेवटी कात्झ एकटा उरला. ठरवून रिकामा केलेला असा वर्ग दुसरा नसेल. आपल्याकडचे कित्येक जण न ठरवता हे साधतात. मग जूनमध्ये केंब्रिजला, २१ ते २३ या तीन दिवसांत, असंच गुळमुळीत शीर्षक असलेली तीन व्याख्यानं झाली. कुजबुज वाढत गेली, हॉल भरत गेला, आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर फर्माचं साडेतीनशे वर्षांचं विधान लिहून वाइल्स म्हणाला की आता इथेच थांबतो. टाळ्यांचा कडकडाट, कॅमेरे, दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या. दोनेक महिन्यांनी हस्तलिखित तपासताना त्यात एक भोक सापडलं. कुणाला? वर्गात शेवटपर्यंत बसलेल्या त्याच कात्झला. ते बुजवायला वाइल्सला आणि त्याचा शिष्य रिचर्ड टेलरला १९९४ चा सप्टेंबर उजाडला. समोर एकच श्रोता आणि तोही निष्णात, तरी ऐकताना जे निसटलं ते वाचताना सापडलं. तेव्हा शेवटच्या रांगेतल्या मुलांना फार बोलू नये.

वाइल्सचं ते 'थांबतो' मात्र वक्त्यांनी पाठ करावं असं आहे. एमआयटीचे जिआन-कार्लो रोटा नव्या वक्त्यांना बजावत की वेळेपुढे जाणं हा एकमेव अक्षम्य गुन्हा. पन्नास मिनिटं म्हणजे एक सूक्ष्मशतक, हे माप त्यांनी फॉन नॉयमनच्या नावावर सांगितलंय. शंभर वर्षांचा दहा लाखावा हिस्सा साधारण साडेबावन्न मिनिटं भरतो, त्यामुळे हिशेब ठीकच आहे. आपल्या गुरुवारच्या सभागृहात पाच वाजून दहा मिनिटं होतात. "शेवटची दोनच मिनिटं," असं वक्ता म्हणतो. पडद्याच्या कोपऱ्यात 'स्लाइड ४१ / ६४' असं दिसत असतं. मागच्या रांगेतल्या मुलांनी हे दोन आकडे केव्हाच टिपलेले असतात आणि संपूर्ण व्याख्यानात त्यांनी केलेलं गणित तेवढंच. मॅडम घड्याळाकडे बघतात, मग वक्त्याकडे, मग वक्त्याला दिसेल अशा बेताने घड्याळाकडे.

अखेर टाळ्या. निवृत्त सर डोळे उघडतात.

"काही प्रश्न?"

शांतता. ही शांतता फार लांबली तर पाहुण्याचा अपमान होतो, म्हणून मॅडम एक राखीव प्रश्न विचारतात : "हे आणखी व्यापक करता येईल का?" गणितात कशालाही हा प्रश्न चालतो. वक्ता "त्यावर काम चालू आहे" असं सांगतो. हे उत्तरही कशालाही चालतं. मग एक प्राध्यापक उठतात आणि 'छोटासा प्रश्न' म्हणून स्वतःच्या १९९८ च्या शोधनिबंधाचा सारांश सांगतात. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह यायला सहा मिनिटं लागतात. पॉल डिरॅक केंब्रिजला गणिताच्याच आसनावर होता, त्याच्या व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणालं, फळ्यावरचं ते वर उजवीकडचं समीकरण मला कळलं नाही. डिरॅक गप्प. बराच वेळ गप्प. अध्यक्षांनी उत्तर द्यायची आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "तो प्रश्न नव्हता, ते विधान होतं." डिरॅकला आपल्याकडे एकदा बोलवायला हवं होतं.

आणि मग निवृत्त सर हात वर करतात. सगळे धास्तावतात. सर खाकरतात आणि हळू आवाजात विचारतात, "तुम्ही तिसऱ्या पायरीला ती जागा संहत आहे असं धरलंत. नसेल तर?" वक्ता थांबतो. मागे जातो. स्लाइड ४१ वरून ४०, ३९, थेट ११ पर्यंत. कोरड्या घशाने म्हणतो, "हो, ते... बघायला हवं." एक तास घोरलेल्या माणसाला तिसरी पायरी कशी कळली, याचं कोडं सुटलेलं नाही. असे एक सर प्रत्येक विभागात असतात. नसतील तर तो विभाग फार काळ टिकत नाही, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

यानंतर चहा. इथे सगळं बदलतं. तासभर तोंड न उघडलेली माणसं हातात कप आल्याबरोबर बोलू लागतात. "तुम्ही ती व्याख्या केलीत, तिचा अर्थ एवढाच ना की..." असं म्हणत कुणीतरी बिस्किटाच्या पुड्यावर आकृती काढतं, आणि वक्ता ओरडतो, "अगदी बरोबर, मी तेच सांगत होतो." सभागृहात चौसष्ट स्लाइडना जे जमलं नाही ते एका पुड्यावर मावतं. समासात नक्षी काढणारी मुलंही कोंडाळ्यात मान घालून उभी राहतात, आणि त्यांतल्या एकीचा प्रश्न ऐकून निवृत्त सर दुसरा कप घेतात.

चहा-कॉफीपाशी गणित होतं याचा पक्का पुरावा आजच्या युक्रेनमधल्या लव्हीव शहरात आहे. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं. तिथल्या स्कॉटिश कॅफेत गणिती स्टेफान बानाख आणि त्याची मंडळी तासन् तास बसत आणि टेबलांच्या संगमरवरावर पेन्सिलीने प्रमेयं लिहीत. रात्री ती टेबलं पुसली जात. शेवटी १९३५ मध्ये बानाखच्या बायकोने एक जाड वही आणून दिली. ती कॅफेतच राहायची, मागितली की वेटर आणून द्यायचा. त्यात न सुटलेले प्रश्न लिहायचे आणि सोडवणाऱ्याला बक्षीस जाहीर करायचं : कुठे बिअर, कुठे वाइन, कुठे जेवण. १९३६ मध्ये स्तानिस्वाफ माझूरने १५३ क्रमांकाच्या प्रश्नाला जिवंत हंस लावला. मध्ये महायुद्ध होऊन गेलं, शहराचा देश बदलला, तरी प्रश्न तसाच राहिला. तो १९७२ मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश तरुणाने सोडवला, आणि माझूरने वॉर्सात समारंभपूर्वक त्याच्या हातात खरोखरचा जिवंत हंस दिला.

आपल्याकडे वक्त्याला शाल, श्रीफळ आणि प्रवासभत्त्याचा फॉर्म मिळतो. फॉर्म तीन प्रतींत भरायचा, मूळ बोर्डिंग पास जोडायचा, झेरॉक्स चालत नाही, आणि सहीच्या जागी एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं. तिकीट विभागात नसतं, पोस्टात मिळतं, आणि पोस्ट पाचला बंद होतं.